बिनखिशाचा कोट

घर दोन खोल्यांचं, मध्ये फळ्यांची भिंत. पलीकडे शिलाईचं दुकान, अलीकडे चूल आणि मी. लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते. सासरच्यांचं भांडण नव्या सुनेने ऐकू नये हे मला कळत होतं, पण कान झाकायला हात मोकळे लागतात आणि माझे पिठात बरबटलेले होते.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, म्हणत होते की खिसा आतून लाव, अस्तराच्या आत, कुणाला दिसणार नाही. भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, म्हणत होते की दिसणार नाही पण हाताला लागेल. बंगल्यावर प्रत्येक कोट आतून-बाहेरून चाचपून घेतात. खिसा सापडला की माझं काम गेलं आणि तुमची नोकरीही गेली.

"एवढासा. रुमाल मावेल इतकाच," मामंजी म्हणाले.

"नाही जमायचं, बाबा."

मामंजींनी विचारलं, "तू माझा मुलगा आहेस की बंगल्याचा शिंपी?"

थोड्या वेळाने मशीनचं पायडल चालू झाल्याचं ऐकू आलं. तेच उत्तर.

तेव्हा आमच्यावर साहेब लोकांचं राज्य होतं आणि गावातल्या मोठ्या बंगल्यात सगळ्यांत मोठा साहेब राहायचा. मामंजी तिथे जेवणघराच्या दाराशी उभे राहायचे. नोकरांचे कोट आमच्याच दुकानात शिवले जायचे, त्यामुळे बापाच्या अंगावरचा कोट मुलाच्या हातचा. बाटलीहिरवा रंग, बंद गळा, कॉलरीत बकरम घालून ती पुठ्ठ्यासारखी कडक केलेली, बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत. कॉलर अशी असायचं कारण, वाढणाऱ्याने मान वाकवून पाहुण्याच्या ताटात बघू नये. बाह्या लांब, कारण मडमबाईंना जेवताना आमच्या लोकांचे हात बघवत नसत. आणि खिसा नाही, कारण बंगल्यातले चमचे चांदीचे होते.

मोठ्या बंगल्याचं बघून बाकीच्या साहेबांनीही तोच कोट उचलला. खाणीवरच्या, मळ्यावरच्या, बंदरावरच्या. कागदी नमुना आमच्या दुकानातून जायचा. डोंगरात असो की किनाऱ्याला, कुणाच्या ना कुणाच्या घरचा काका, मामा, नवरा त्या कोटात कुठल्या तरी दाराशी उभा असायचा.

मामंजींच्या छातीत कफ होता. रुमाल हवा होता तो त्यासाठी. एका मोठ्या जेवणावळीत त्यांना उबळ आली, आवरेना, आणि तोंड पुसायला बाहीशिवाय काही नव्हतं. कुणी ओरडलं नाही. साहेब लोक ओरडत नसत, तेवढी रीत त्यांच्यात होती. दुसऱ्या दिवशी मामंजींचा कोट काढून घेतला आणि त्यांना मागच्या अंगणात लाकडं रचायला लावलं. उरलेलं आयुष्य त्यांनी लाकडं रचली, आणि उरलं होतंही थोडंच.

भाऊजींनी त्याबद्दल कधी तोंड उघडलं नाही. पण मामंजी गेल्यावर त्यांना खिशांचं वेडच लागलं. आमच्या हातात जे कापड येईल त्याला खिसा. पोरींच्या झबल्यांना खिसे, माझ्या पोलक्याला खिसा, ह्यांच्या झोपायच्या लेंग्याला चार. उशांच्या अभ्र्यालासुद्धा खिसा लावला तेव्हा माझी धाकटी जाऊ, म्हणजे भाऊजींची बायको, म्हणाली की आता मलाच एक लावा म्हणजे झालं, बाजारात जाताना पिशवी न्यायला नको. भाऊजी हसले नाहीत. कुठे लावता येईल त्याचा अंदाज घेतल्यासारखे तिच्याकडे बघत राहिले. गल्लीने त्यांचं नावच पाडलं, खिसेमास्तर. दुकानातली काज-बटणं आणि तुरपाई माझ्याकडे असायची, म्हणून मी दिवसभर त्यांच्यासमोर बसलेली. सांगते ते समोर बसून पाहिलेलं.

मग साहेब गेले. कसे गेले, कुणी घालवले, त्याच्या गोष्टी तुम्ही शाळेत शिकलात. मी वेगळंच सांगते. साहेब असताना आपण म्हणजे कोण हे सांगणं सोपं होतं. जे साहेब नव्हेत ते आपण. साहेब गेले आणि आपण कोण हे कुणालाच सांगता येईना. डोंगरातले म्हणाले आम्ही इथले मूळचे. किनाऱ्यावरचे म्हणाले, बोट बांधायला तुम्हाला येतं का, मग मूळचे कसले. खाणीवरच्यांना कुठून आणलं होतं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. आमचे हे गोदामात हमाली करायचे. तिथे डोंगरातल्या हमालांचा बाक वेगळा, आमचा वेगळा. साहेबांनी ते बाक ठेवले होते हे खरं, पण साहेब गेल्यावर ते उचलायला कुणी उठलं नाही.

पहिल्या संचलनाची तयारी चालली होती. सगळ्या भागांतून माणसं येणार, मोठ्या रस्त्याने एकत्र चालणार. आता घालायचं काय यावर भांडणं. एक म्हणे आमची घोंगडी, दुसरा म्हणे उघडे खांदे, तिसरा म्हणे त्यापेक्षा मी घरी बसतो. शेवटी नव्या सरकारचा एक चिटणीस आमच्या दुकानात आला. तरुण होता, डोळ्यांखाली काळं झालेलं. म्हणाला, मास्तर, असं काही शिवा की जे आपलं असेल, सगळ्यांना चालेल आणि दिलेल्या दिवसांत होईल.

भाऊजी उठले, फळीवरून तो कागदी नमुना काढला आणि टेबलावर पसरला. मी सुई हातात धरून बघतच राहिले. चिटणीस शहरात वाढलेला, हॉस्टेलात शिकलेला. त्याने हा कोट कधी जवळून पाहिलाच नसावा. तो म्हणाला, छान आहे, भारदस्त आहे. कापडाचाही प्रश्न सुटला, कारण बंगल्याच्या कोठीत बाटलीहिरव्या कापडाचे तागे तसेच पडून होते.

तो गेल्यावर मी भाऊजींना विचारलं, हेच सुचलं का तुम्हाला? दुसरं काही नव्हतं?

"वहिनी," ते म्हणाले, "हा कोट बंगल्याच्या पुढच्या दारातून आत जाईल. आणि ह्याला खिसा असेल."

एवढंच त्यांना हवं होतं. पुढे काय झालं ते कळण्यासाठी हे ध्यानात असू द्या. त्यांना मान नको होता, बक्षीस नको होतं. बापाच्या अंगावर होता तो कोट, आणि त्याला एक खिसा.

चिटणिसालाही त्यांनी सांगितलं. तो म्हणाला, लावा की, माझी काय हरकत. पण कापायला बसल्यावर कळलं की खिसा लावला तर अस्तर पुरत नाही आणि दिवसही पुरत नाहीत. चिटणीस धावत आला आणि हात जोडून म्हणाला, मास्तर, या वर्षी असाच जाऊ द्या, पुढच्या वर्षी नक्की. भाऊजी नाही म्हणू शकले असते. म्हणाले नाहीत. सगळी गल्ली तेव्हा आमच्या ओट्यावर बसून बटणं लावत होती, आणि सगळ्यांचे डोळे असे लकाकत होते की नाही म्हणायला फार मोठी छाती लागली असती.

संचलन पाहायला आम्ही सगळे गेलो. खोटं कशाला सांगू, मीही रडले. डोंगरातला कोण आणि बंदरावरचा कोण, ओळखू येईना. सगळ्यांच्या माना ताठ. त्या कॉलरीत दुसरं काही शक्यच नव्हतं, पण ते मला माहीत होतं, रस्त्याला नव्हतं. शेजारी एक डोंगरातला म्हातारा उभा होता. ह्यांनी त्याचा हात धरला तो संचलन संपेपर्यंत सोडला नाही. वर्षानुवर्षं ज्यांच्या बाकावर बसले नाहीत, त्यांचा हात. घरी येताना हे म्हणाले, कसं घरचं वाटलं बघ. घरचं वाटणारच. घराघरातला माणूस त्या कोटात उभा राहिलेला. दुसरं सगळं आमचं वेगवेगळं होतं, बोलणं, जेवण, देव. एक नोकरी तेवढी सगळ्यांनी सारखी केली होती.

पुढच्या वर्षी चिटणीस बदलला. नवा म्हणाला, लोकांना हा कोट आवडलाय, आता मध्येच बदल नको. त्याच्या पुढच्या वर्षी कोट शाळांमध्ये गेला, मग कचेऱ्यांत, मग आमदार-मंत्र्यांच्या अंगावर. भाऊजींना कामाची ददात राहिली नाही. दर वर्षी बंगल्याच्या कोठीत कोट पोचवायला जाताना ते एकच मागणं मागायचे, आणि दर वर्षी कोठीवाला म्हणायचा, वर कळवतो.

मग एक समिती नेमली गेली. राष्ट्रीय पोशाखाचं सगळं एकदाचं पक्कं करायचं होतं. समितीत एक विद्वान होते, इतिहासावर बोलणारे, आवाज गोड. भाऊजींनी एक कोट खिसा लावून नेला. छातीच्या डाव्या बाजूला, आतून, रेशमी अस्तराचा. इतकं सुबक काम त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत कधी केलं नव्हतं. तिथे काय झालं ते त्यांनी घरी येऊन मला सांगितलं, आणि सांगताना ते विद्वानांचा आवाज काढत होते, म्हणजे किती लागलं होतं ते मला कळलं.

विद्वान म्हणाले, मास्तर, खिसा ही साहेबांनी आणलेली गोष्ट आहे. आपल्या पूर्वजांच्या कपड्यांना खिसा नव्हता, कारण त्यांना लपवायचं असं काही नव्हतं. ते लोभी नव्हते. उंच कॉलर म्हणजे न झुकणारी मान, आणि लांब बाह्या म्हणजे विनय. भाऊजी म्हणाले, साहेब, हा नोकरांचा कोट आहे, माझे वडील घालायचे. विद्वान जराही अडखळले नाहीत. म्हणाले, तेच तर, आपला पोशाख आपल्याच माणसांना नोकर करून घालायला लावला, अपमान करण्यासाठी. आपण तो परत मिळवला.

भाऊजींनी शेवटचं सांगून पाहिलं. पहिला कोट माझ्या वस्तादांनी कापला, मडमबाई समोर खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि सांगत होत्या, इथे असं करा, तिथे तसं. त्यावर विद्वान म्हणाले की तुमच्या वस्तादांच्या हातांत पूर्वजांची स्मृती होती, ती मडमबाईंना कशी कळणार.

"स्मृती होती म्हणे, वहिनी," भाऊजी म्हणाले. "वस्तादांना सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवायचं नाही."

आम्ही दोघं हसलो. जाऊबाई आतून विचारत आली की काय झालं, आणि आम्हाला सांगता आलं नाही, इतकं हसलो. मग त्यांनी तो कोट घडी करून ट्रंकेत ठेवला आणि मशीनवर बसले.

शाळेच्या पुस्तकात कोटाचा धडा आला. खिशाचं, मानेचं, विनयाचं, सगळं. मला शाळा फार मिळाली नाही, म्हणून मी नातीकडून दोनदा वाचून घेतला. वाचताना इतकी गोड लागली ती गोष्ट, की क्षणभर मलाही वाटलं, असेल बाई, आपल्याला काय कळतंय.

पण गोड गोष्टीसाठी कुणालातरी बाहेर उभं करावं लागतं. आमच्याकडे खाडीच्या बाजूला मिठागरं होती. तिथली माणसं कधी कुणाच्या घरी नोकरीला गेली नव्हती. मीठ करायचं, विकायचं, साहेबाला सलाम ठोकायचा नाही, अशी त्यांची जात. हा कोट त्यांच्या अंगावर कधी चढलाच नव्हता. शाळेत पोरांना कोट सक्तीचा झाला तेव्हा त्यांनी पोरं पाठवली नाहीत. म्हणाले, नोकराचा कोट आमच्या पोरांना नको. झालं. हे परके, हे साहेबांचे हस्तक, असं लोक बोलायला लागले. ज्यांनी साहेबापुढे मान वाकवली नाही ते हस्तक. एका दुपारी त्यांच्या झोपड्यांवर दगड पडले. मारणाऱ्यांच्या अंगावर बाटलीहिरवे कोट होते, आणि काजं माझ्या हातची होती. भाऊजी त्या दिवशी दुकानात बसून राहिले. संध्याकाळी मला म्हणाले की वहिनी, नमुना मी काढला फळीवरून. कुणी मागितला नव्हता.

मी म्हटलं, भाऊजी, तुम्ही कोट कापलेत, दगड मारले नाहीत. ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटतं त्यांना मी काही वेगळं बोलेन असं वाटलं होतं.

त्यांचा मुलगा, माझा पुतण्या, सरकारी शाळेत शिक्षक झाला. चांगला पोरगा. वर्गात तो धडा शिकवताना पोरं डोळे मोठे करून ऐकायची असं त्याच्याच शाळेतल्या बाई सांगायच्या. त्याचं लग्न ठरलं ते किनाऱ्याकडच्या घरात. आमच्या तरुणपणी हे झालंच नसतं, हेही त्या कोटानेच घडवलं, नाही म्हणता येत नाही. पुतण्या म्हणाला, बाबा, लग्नात मी तुमच्या हातचा कोट घालणार. भाऊजींचा चेहरा असा फुलला की जाऊबाईने मला कोपरखळी मारली.

कोट तयार झाला. लग्नाच्या सकाळी व्याही मंडळी बाहेर ओट्यावर बसली होती. पुतण्या कोट घालायला आत गेला आणि कोट हातावर घेऊन परत आला. मी आणि भाऊजी दोघंच दुकानात होतो.

"बाबा, हे काढा," तो म्हणाला. डाव्या बाजूला, आतून, अस्तराच्या मागे. त्याच्या हाताला लागला होता.

भाऊजी म्हणाले, कुणाला दिसत नाही रे.

"मला माहीत आहे ना. मी पोरांना काय शिकवतो? आणि हे लोक कोट बघायला मागतील, हातात घेतील."

"तुझ्या आजोबांनी माझ्याकडे एकदा मागितला होता. मी दिला नाही. म्हणून..."

"आजोबा दाराशी उभे राहायचे हे तुम्ही आता व्याह्यांना सांगणार आहात का?"

तो रागाने बोलला नाही. हळू, दाराकडे बघत, ओट्यावर ऐकू जाऊ नये अशा बेताने बोलला. घाबरला होता. मला वाटतं त्याला सगळं ठाऊक होतं, लहानपणापासून. वर्गात उभं राहून तो जे सांगायचा ते न कळून नव्हे, कळून सांगायचा. ओट्यावरच्या व्याह्यांच्या घरीही कुणीतरी दाराशी उभं राहिलेलं असणारच. ते त्यांनी झाकलं होतं, आपण आपलं झाकायचं, आणि अशी झाकलेली दोन घरं एकमेकांचे सोयरे होणार.

"मोठी आई, तू तरी सांग," तो मला म्हणाला.

मी सुईत दोरा ओवून दिला. भाऊजींनी चष्मा लावला, पातं घेतलं आणि टाका टाका उसवला. रेशमाचा तुकडा बाहेर आला तो त्यांनी बाजूला ठेवला, अस्तर परत मिटवलं, इस्त्री फिरवली. मुलाने हात फिरवून पाहिला आणि कोट अंगात घातला. मग वाकून बापाच्या पाया पडायला गेला, पण कॉलर होती, त्यामुळे गुडघ्यातूनच खाली गेला. लग्न छान झालं. व्याह्यांनी कोट हातात घेऊन पाहिला आणि फार वाखाणला.

त्यानंतर आमच्या घरात कशालाही खिसा लागला नाही. भाऊजींनी मागायचंही सोडलं. सगळ्यांना वाटलं म्हातारा निवळला. जाऊबाई म्हणाली, बरं झालं, वेड गेलं. मला ते वेड गेल्यावर घर भकास वाटायला लागलं, पण हे तिला कसं सांगणार.

ते गेले त्याच्या आदल्या आठवड्यात संचलनाचे कोट पोचवायचे होते. पुतण्या म्हणाला, मी नेतो, तुम्हाला चढ चढवत नाही. ऐकतील तर ना. म्हणाले, वहिनी येतील बरोबर. गाठोडी हातगाडीवर घातली, गाडीवाल्याला पुढे घातलं आणि आम्ही दोघं थांबत थांबत मागून चाललो. त्या बंगल्यात आता आपलेच लोक राहतात. पुढच्या दाराशी गाड्या उभ्या होत्या. आम्ही नेहमीसारखे वळसा घालून मागच्या फाटकाने गेलो. पहारेकऱ्याने सलाम केला, तोही बाटलीहिरव्यात.

कोठीत भाऊजींनी एकेक कोट झटकला, हँगरवर चढवला आणि गळ्याचा हूक स्वतः लावला. हूक न लावता टांगला तर कॉलर पडते, म्हणून ते काम ते कुणाला करू देत नसत. मी घड्या मोडून देत होते. कोठीवाला जुनाच, दर वर्षीचा. त्याने पावती केली आणि सवयीने थांबला, ओठांवर त्याचं ते "वर कळवतो" तयार. भाऊजींनी शेवटचा हूक लावला, गाठोड्यांची फडकी घडी करून माझ्याकडे दिली. कोठीवाला म्हणाला, मास्तर, बाकी काही?

"कापड जरा आधी पाठवा," भाऊजी म्हणाले. "बाह्यांना कमी पडतं."

कोठीवाला हो म्हणाला. मग आम्ही मागच्या फाटकातून बाहेर पडलो आणि उतार लागल्यावर ते जरा भरभर चालायला लागले.